हलत्या चित्रांचा ध्यास

कल्याण स्थानकापाशी मुंबईहून आलेल्या लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक फाटा वासिंद, आसनगाव, खर्डी अशी शहापूर तालुक्यातील गावे मागे टाकीत कसाऱ्यास जातो आणि तेथून घाट चढून नाशिकची वाट धरतो. दुसरा फाटा बदलापूर, वांगणी असा कर्जताकडे वळतो. या दोन वाटांच्या मध्ये मुरबाड तालुक्याचा डोंगराळ मुलूख पसरला आहे. शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही पाड्यावर सकाळच्या वेळी गेले, तर मुलांचे नाना खेळ दृष्टीस पडतात. कोणी गुरे राखताना सूरपारंब्या खेळत असतो, कोणी ओढ्यात डुंबत असतो, कोणी आंब्याच्या बुंध्याशी कैऱ्या पाडण्याचा बेत करीत असतो. त्यांच्या मुखावरील हसू, रुसवा आणि कुतूहल क्षणाक्षणाला पालटत असते. परंतु अशा मुलांसमोर कोणी छायाचित्रे काढण्याचे यंत्र धरले, की सारी मुले ताठ उभी राहतात. हात मांड्यांना चिकटतात, ओठ मिटतात आणि खेळ जागच्या जागी गोठून जातो.

छायाचित्रणाच्या कलेपुढे ही अडचण प्रारंभापासूनच होती. पूर्वीच्या काचा मंदगतीच्या असत. त्यांवर प्रतिमा उमटण्यास पुष्कळ वेळ लागे. समोरचा मनुष्य जराही हलला, की चित्र पुसट होई. म्हणून बसणाऱ्याच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावीत आणि त्याला स्तब्ध बसवून ठेवीत. मोठी माणसे हा जाच सोशीत. मुलांना तो कसा सोसवणार? त्यामुळे त्या काळच्या पुष्कळशा छायाचित्रांतील मुले लहान वयाची प्रौढ माणसेच वाटतात. खेळणारे, धावणारे, खोड्या करणारे मूल चित्रात यावयाचे, तर चित्रालाच धावता आले पाहिजे. आपल्या देशात चित्राला अशी धाव घ्यावयास ज्यांनी शिकविले आणि आपल्याच मुलांना त्या चित्रांत खेळविले, ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर या तीर्थक्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित होते. मुलाने आपल्याप्रमाणेच शास्त्री व्हावे अशी अपेक्षा घरात असणे स्वाभाविक होते. परंतु धुंडिराजाचे मन पोथ्यांपेक्षा चित्रे, नाटके आणि जादूचे खेळ यांत अधिक रमे. पुढे दाजीशास्त्र्यांना संस्कृत शिकविण्याच्या कामासाठी मुंबईस यावे लागले आणि कुटुंबही मुंबईस आले. मुलाचा ओढा ओळखून त्याला १८८५ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत घालण्यात आले. तेथून ते आपल्या वडील बंधूंसमवेत बडोद्यास गेले. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण पुरे केले. त्या संस्थेचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी या विद्यार्थ्याची धडपड हेरली आणि संस्थेतील छायाचित्रणाची शाळा त्याच्या स्वाधीन केली. १८९० च्या सुमारास दादासाहेबांनी स्वतःचे छायाचित्रण यंत्रही घेतले. रसायनांच्या वासाने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत तासन् तास बसून ते प्रयोग करू लागले.

छायाचित्रे काढून पोट भरावे, या हेतूने त्यांनी १८९५ च्या सुमारास गुजरातेतील गोध्रा येथे व्यवसाय मांडला. तेथे काही वर्षे गेली आणि त्यांच्यावर मोठा घाला पडला. १९०० साली प्लेगाच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावली. गोध्र्यातील बिऱ्हाड मोडून दादासाहेब पुन्हा बडोद्यास आले आणि त्यांनी नव्याने व्यवसाय सुरू केला. परंतु तेथे लोकांच्या मनात एक विलक्षण समजूत घर करून होती. यंत्रासमोर बसले, की ते यंत्र अंगातील शक्ती शोषून घेते आणि मनुष्याचे आयुष्य घटते, असे लोक मानीत. अशा भीतीमुळे दादासाहेबांचा व्यवसाय काही केल्या चालेना. या अनुभवातून एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानी आली असली पाहिजे. ज्याच्या मनात यंत्राचे भय आहे, त्याचे खरे चित्र निघत नाही. प्रथम भय घालवावे लागते, मग चित्र काढता येते. हा धडा त्यांना पुढे फार उपयोगी पडला.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढे दादासाहेबांनी पुराणवस्तू खात्यात आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून नोकरी धरली. वंगभंगाच्या चळवळीनंतर त्यांनी ती सरकारी नोकरी सोडून दिली आणि चित्रे छापण्याचा कारखाना काढला. अधिक शिकण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. त्यांच्या कारखान्यातील सुबक छपाईची कीर्ती झाली. पण भागीदारांशी मतभेद होऊन दादासाहेब तेथूनही बाहेर पडले. वय चाळीस वर्षांचे, पदरी मुलेबाळे आणि हाती काम नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

याच कडू दिवसांत एक साधीशी घटना घडली आणि तिने त्यांच्या आयुष्याचा ओघ पालटला. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात ते आपल्या थोरल्या मुलास, भालचंद्रास, घेऊन हलती चित्रे पाहावयास गेले. पडद्यावर प्राणी चालताना आणि धावताना दिसत होते. ते पाहून मुलगा हरखून गेला. घरी येऊन त्याने सारी हकीकत सांगितली. पण चित्रे हलतात यावर घरात कोणाचाच विश्वास बसेना. तेव्हा दादासाहेब दुसऱ्या दिवशी सर्व कुटुंबास घेऊन गेले. त्या दिवशी पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालले होते. ते पाहता पाहता दादासाहेबांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली. आपल्या देशातील कथा, आपली माणसे आणि आपली मुले या पडद्यावर का दिसू नयेत, या एका विचाराने त्यांना झपाटून टाकले.

त्यानंतर दादासाहेबांना दुसरे काही सुचेना. मिळेल तो चित्रपट पाहावा, चित्रपट दाखविणाऱ्या यंत्राचे निरीक्षण करावे, पुस्तके वाचावीत आणि रात्री जागून प्रयोग करावेत, असा क्रम सुरू झाला. या अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डोळे हेच ज्याचे भांडवल, त्याची दृष्टीच गेली तर त्याने काय करावे? सुदैवाने वैद्यकीय उपचारांनी त्यांची दृष्टी परत आली. डोळे उघडताच त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले. विम्याचा करार गहाण टाकून पैसा उभारला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना साहाय्य केले. सेसिल हेपवर्थ या इंग्रज निर्मात्याच्या चित्रशाळेत त्यांनी प्रत्यक्ष काम पाहिले. विल्यमसन बनावटीचे चित्रण यंत्र आणि इतर साहित्य यांची मागणी नोंदवून सुमारे दोन महिन्यांनी ते परतले.

दादरच्या घरी यंत्र येऊन पोहोचले, तेव्हा सारे घरच चित्रशाळा बनले. हे यंत्र हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. दांडा एका लयीत फिरला म्हणजे फितीवर एका सेकंदास सोळाच्या आसपास चित्रे उमटत. तीच चित्रे त्याच वेगाने पडद्यावर टाकली, की डोळ्याला ती वेगवेगळी न दिसता एकसंध हालचाल दिसे. फितीच्या कडांना भोके पाडण्याचे काम फार नाजूक होते. ते अंधारात करावे लागे. सरस्वतीबाई ते शिकल्या. दिवसभर संसार आणि मंडळींचा स्वयंपाक सांभाळावा, चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून ऊन पात्रांवर वळवावे आणि रात्री फितीला भोके पाडावीत, असे कष्ट या माउलीने उपसले. पैसा अपुरा पडला, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिनेही काढून दिले.

लोकांनी भांडवल द्यावे, यासाठी दादासाहेबांनी एक छोटा चित्रपट तयार केला. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून तिच्यासमोर त्यांनी यंत्र मांडले आणि महिन्याहून अधिक काळ रोज चित्रे घेतली. ती फीत पडद्यावर लावताच चमत्कार झाला. बी फुटले, अंकुर वर आला, वेल डुलत डुलत चढू लागला. महिन्याची वाढ मिनिटभरात डोळ्यांपुढे घडली. जी हालचाल अतिशय संथ असल्यामुळे दिसत नाही, ती यंत्राने दाखविली होती. हा प्रयोग पाहून काही परिचितांनी कर्ज देण्याची तयारी दाखविली.

आता खऱ्या चित्रपटाची सिद्धता सुरू झाली. कथा सत्यवचनी हरिश्चंद्र राजाची. त्या काळी चित्रपटात काम करणे हलके समजले जाई. स्त्रिया पुढे येईनात. म्हणून एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणास तारामतीची भूमिका देण्यात आली. कोणी विचारलेच, तर आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामास आहोत असे सांगावे, अशी सूचना दादासाहेबांनी मंडळींस देऊन ठेविली होती. राजपुत्र रोहिदासाच्या भूमिकेसाठी मूल हवे होते. ज्या वेळी थोर माणसेही यंत्रासमोर यावयास कचरत होती, त्या वेळी आपले मूल कोण देणार? दादासाहेबांनी आपल्या भालचंद्रालाच रोहिदास केले.

अरण्यातील प्रसंग घेण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील वांगणी हे गाव निवडले होते. मंडळी गाडीतून उतरून गावाकडे निघाली. त्यांच्याजवळ नाटकातील भाले, ढाली आणि तलवारी होत्या. तो सरंजाम पाहून गावकऱ्यांची पाचावर धारण बसली. दरोडेखोर आले असे समजून त्यांनी पाटलास वर्दी दिली. पाटलाने फौजदारास कळविले आणि सारी राजसभा चौकीवर जाऊन बसली! दादासाहेब यंत्र घेऊन मागाहून आले. त्यांनी खुलासा केला. पण हलती चित्रे कधी न पाहिलेल्यांना तो पटावा कसा? अखेर दादासाहेबांनी यंत्र मांडले, आत फीत न घालताच दांडा फिरवून दाखविला आणि पात्रांकडून एक प्रसंग करवून घेतला. फौजदाराची खात्री पटली, गावकऱ्यांचे भय मावळले आणि त्याच गावाच्या परिसरात चित्रण सुरू झाले. बडोद्यास शिकलेला धडा वांगणीस असा कामी आला.

याच चित्रपटाच्या वेळी दादासाहेबांची खरी कसोटी पाहणारा प्रसंग ओढवला. खेळता खेळता भालचंद्र खडकावर पडला. त्याच्या डोक्यास जखम झाली आणि तो बेशुद्ध झाला. सोबत्यांनी चित्रण थांबवून मुलास घेऊन परतावे असे सुचविले. दादासाहेबांनी जवळ होते त्या साधनांनी उपचार केले. परंतु काम थांबविले नाही. कथेत रोहिदास निश्चेष्ट पडल्याचा प्रसंग होता. तो त्यांनी त्याच अवस्थेत चित्रित केला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. ही हकीकत वाचताना आजही मन चरकते. पित्याने असे करावे काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात उभा राहील आणि तो राहणे योग्यच आहे. एका बाजूस पोटचा गोळा होता, दुसऱ्या बाजूस कर्जाने वाकलेले घर आणि आपल्यावर विसंबलेली माणसे होती. त्या क्षणी त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पनाच करावी लागते. ध्येयाची किंमत पुष्कळदा ध्येयवेड्या माणसाच्या कुटुंबालाही मोजावी लागते, एवढे मात्र यावरून कळते. भालचंद्र त्या दुखण्यातून बरा झाला, ही समाधानाची गोष्ट.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. भारतीय माणसाने, भारतीय पात्रे घेऊन, भारतीय कथेवर रचलेला तो पहिला पूर्ण लांबीचा कथापट होता. त्याच वर्षी दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड नाशिकला नेले. १९१४ साली ते पुन्हा विलायतेस गेले आणि आपले चित्रपट त्यांनी तेथे दाखविले. तेथील निर्मात्यांनी राहण्याचा आग्रह केला. परंतु हा धंदा आपल्या भूमीत रुजवावयाचा, हा निश्चय असल्याने ते परत आले.

पौराणिक कथांखेरीज रोजच्या जीवनाकडेही त्यांचे लक्ष असे. तळेगावचा काच कारखाना, त्र्यंबकेश्वरची यात्रा अशा विषयांवर त्यांनी छोटे चित्रपट तयार केले. आगकाड्यांना हालचाल करावयास लावून मुलांना हसविणारी एक गमतीची फीतही त्यांनी काढली. जेथे काही हलते, बदलते, घडते आहे, तेथे दादासाहेबांचे यंत्र पोहोचावयास उत्सुक असे.

बालपणाचे सर्वांत सुंदर चित्र मात्र त्यांनी १९१९ साली रेखाटले. त्या वर्षी त्यांचा 'कालियामर्दन' हा चित्रपट निघाला. त्यात बालकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. तिचे वय त्या वेळी अवघे सातएक वर्षांचे होते. या चित्रपटाचा प्रारंभ मोठा अपूर्व आहे. पडद्यावर प्रथम ना गोकुळ दिसते, ना यमुना. दिसतो तो केवळ एका लहान मुलीचा चेहरा. त्या चेहऱ्यावर हसू उमटते, मग ते मावळते, डोळ्यांत राग येतो, तोही निवळतो. पाहता पाहता ती मुलगी मोरमुकुटधारी कृष्ण होऊन उभी राहते. जणू दादासाहेब प्रेक्षकांना आधी आपली लेक दाखवितात आणि मग तिच्यात लपलेला कृष्ण दाखवितात.

पुढे कथेत गोकुळातील खोड्यांची मालिकाच लागते. सवंगड्यांचा कंपू जमवून लोणी चोरणे, कोणी पाणी फेकले तर त्याचा पुरता सूड उगविणे, निजलेल्या श्रीमंत गृहस्थाची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांना बांधून ठेवणे, हे सारे मंदाकिनीने अशा सहजपणे केले आहे, की ती यंत्रासमोर आहे हे पाहणाराच्या ध्यानात राहत नाही. अखेरीस कृष्ण यमुनेत उडी घेतो, आणि तीरावरील माणसे व्याकूळ होतात. कालियाच्या फण्यावर उभा राहून तो वर येतो तेव्हा साऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. देवाची ही कथा असली, तरी तीत वावरणारी मुले कोणत्याही खेड्यातील मुलांसारखीच आहेत.

हे कसे साधले? मंदाकिनीला यंत्राचे भय नव्हते. ते यंत्र तिच्या घरातच नांदत होते. दांडा फिरविणारे, सूचना देणारे तिचे वडीलच होते. मुलाला स्तब्ध बसवून चित्र काढणाऱ्या जुन्या काळच्या कारागिरांनी बालपणाला थांबवू पाहिले. दादासाहेबांनी त्याला धावू दिले आणि आपले यंत्र त्याच्यामागे पळविले. या चित्रपटाचा पुष्कळसा भाग काळाच्या तडाख्यातून वाचला असून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो जतन केला आहे. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीची ती सात वर्षांची मुलगी त्या फितीवर आजही तशीच खोडकरपणे हसते.

दादासाहेबांचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. १९१८ साली नाशिकात भागीदारीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान कंपनीत मतभेद झाले. ते काही काळ काशीस जाऊन राहिले, पुन्हा परतले, पुन्हा राबले. पुढे बोलपटांचे युग आले आणि मूकपटांची कला मागे पडली. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. लोकांना चित्रांचे वेड लावणारा हा पुरुष शेवटच्या दिवसांत अर्थकष्टांत होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले. पुढे १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला.

आता शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरही छायाचित्र काढणारे यंत्र अनेकांच्या खिशात असते. बोट टेकविले की चित्र निघते. काचा नकोत, अंधारी खोली नको. परंतु मुलांचे खरे हसू टिपणे पूर्वीइतकेच अवघड आहे, कारण ते हुकमाने येत नाही. ते टिपणाऱ्यापाशी कुंडीतील अंकुरासमोर महिनाभर बसणाऱ्याची चिकाटी हवी आणि समोरच्याचे भय घालविण्याइतकी माया हवी. वांगणीच्या गावकऱ्यांसमोर रिकामे यंत्र फिरविणाऱ्या आणि आपल्या लेकीच्या चेहऱ्यात कृष्ण पाहणाऱ्या दादासाहेबांजवळ या दोन्ही गोष्टी होत्या. म्हणूनच त्यांनी टिपलेले बालपण अद्याप म्हातारे झालेले नाही.